बोट, वेढा, ठसा

संजाणच्या राण्याने आश्रयाला आलेल्या पारशांना दुधाने काठोकाठ भरलेले भांडे पाठवले, ही गोष्ट डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आमच्याकडे आता जागा नाही, असा त्या भरल्या भांड्याचा अर्थ. पारशांच्या दस्तुराने, म्हणजे धर्मगुरूने, त्यात साखर टाकली. दूध सांडले नाही, उलट गोड झाले. मात्र सगळेच सांगणारे साखर टाकत नाहीत. काहींच्या गोष्टीतला दस्तूर बोटातली सोन्याची अंगठी काढतो आणि अलगद दुधात सोडतो. अंगठी तळाशी जाऊन बसते, वरचा थेंबही हलत नाही. साखर टाकली की गोष्ट विरघळण्याची होते, आणि अंगठी टाकली की न विरघळता राहण्याची. सांगणारा दोन्हीपैकी काय टाकतो, यावरून त्याच्या मनात काय आहे ते ओळखावे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस बहमन कैकोबादने फारसी पद्यात ‘किस्सा-ए-संजाण’ लिहिला. त्यात साखर नाही आणि अंगठीही नाही. त्यात आहेत राण्याच्या अटी, आणि त्यांतली एक अट भाषेची आहे: आपली बोली सोडा, इथली बोला. पारशांनी ती पाळली. त्यामुळे दस्तुराने दुधात सोडली असेल ती ‘अंगुश्तरी’, पण त्याच्या वंशजांच्या बोटात आज आहे ती ‘विंटी’. वस्तू तीच राहिली, शब्द मात्र खरोखरच दुधात विरघळला.

साखर आणि अंगठी यांची अदलाबदल मराठी घरांतही झालेली आहे, फक्त ती लग्नात झाली. सोयरीक पक्की झाल्याची खूण म्हणून साखरेचा पुडा द्यायचा, म्हणून तो साखरपुडा. आज डहाणूतल्या एखाद्या हॉलवर साखरपुड्याला जावे तर पुडा ताटात एका बाजूला पडलेला असतो आणि मोबाइल वर होतात ते अंगठी बोटात जाताना. पत्रिकेवर सर्रास ‘रिंग सेरेमनी’ छापतात. शब्दात साखर उरली आणि कार्यात अंगठी आली.

अंगठीला कोणती भाषा काय म्हणते, हे पाहायला निघालेल्या वाचकाने म्हणूनच एक गोष्ट आधी मनाशी धरावी. वस्तू एका वाटेने फिरते, शब्द दुसऱ्या वाटेने. भाषांची संख्या मोठी असली तरी अंगठीला नाव देण्याच्या तऱ्हा थोड्याच आहेत. कोणी अंगठी पाहताना बोट पाहिले आणि बोटावरून नाव दिले. कोणी तारेचा वेढा पाहिला. कोणाला त्या गोलाशी देणेघेणेच नव्हते. त्यांनी वरचा खडा पाहिला, खड्यावरचे अक्षर पाहिले आणि त्या अक्षराचा लाखेवर उठणारा ठसा पाहिला. बोट, वेढा, ठसा: बहुतेक भाषा या तिघांपैकी एकाच्या दारात उभ्या असतात. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत मात्र तिन्ही दारे उघडी आहेत.

त्याला इतिहास आहे. संजाण ज्यात येते तो उंबरगाव तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. १ ऑगस्ट २०१४ पासून डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. पण बाजाराला हद्द कळत नाही. तलासरीच्या पेढीवर गिऱ्हाईक अंगठी मागते आणि सराफ मागे वळून पोराला विंटीचा ट्रे काढायला सांगतो. दोघांनाही आपण दोन भाषा बोललो असे वाटत नाही. पलीकडे तहसील कचेरीबाहेर मुद्रांक विक्रेता बसलेला असतो. त्याच्या पाटीवरचा शब्दही मुळात अंगठीच्याच कुळातला आहे, हे त्याला कोणी सांगितले तर तो बहुधा हसेल.

बोटापासून सुरुवात करू. मराठी ‘अंगठी’ आणि हिंदी ‘अंगूठी’ हे शब्द संस्कृत ‘अंगुष्ठ’वरून आले, म्हणजे सरळ अर्थाने ती अंगठ्यात घालायची वस्तू. आज अंगठ्यात अंगठी घालणारा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. पण तिरंदाज घालत. धनुष्याची दोरी अंगठ्याने ओढायची तर कातडी सोलवटते, म्हणून दगडाची किंवा हस्तिदंताची जाड कडी अंगठ्यात चढवत. शहाजहानची हिरव्या जेडची अशी एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. बायकांची अंगठ्यातली अंगठी वेगळी होती. तिच्यात खड्याऐवजी इवलासा आरसा बसवत आणि तिला ‘आरसी’च म्हणत. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे मराठी माणूस विचारतो. हिंदीत त्याच म्हणीत ‘आरसी’ येते, आणि ती त्याच हाताच्या अंगठ्यात असली तर म्हणीला आणखी धार चढते.

फारसी ‘अंगुश्त’ हा संस्कृत ‘अंगुष्ठ’चा सख्खा भाऊ आहे. फारसीत त्याचा अर्थ कोणतेही बोट, संस्कृतात फक्त अंगठा. ‘अंगुश्तर’, ‘अंगुश्तरी’ म्हणजे अंगठी. यझ्द आणि केरमानकडून एकोणिसाव्या-विसाव्या शतकात आलेली इराणी कुटुंबे डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या करून राहिली. त्यांच्या फारसीतल्या आणि शेजारच्या मराठीतल्या अंगठीचे मूळ एकच निघावे, यात नवल नाही. या दोन भाषांचे आजोबा एकाच घरात वाढलेले आहेत. बंगाली ‘आंगटी’ याच घरातली. ग्रीकांनीही ‘दाक्तिलोस’ म्हणजे बोट, यावरून अंगठीला ‘दाक्तिलिओस’ म्हटले. जपानी ‘युबिवा’ म्हणजे बोट अधिक चाक. चिनी शब्द ‘जिएझी’ अधिक गंभीर आहे. त्यातल्या दुसऱ्या अक्षराचा अर्थ बोट असला तरी पहिल्याचा अर्थ संयम, मनाई. अंगठी म्हणजे बोटावरचा निर्बंध, हा अर्थ लग्न झालेल्या कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

अंगठी ज्या बोटात घालतात त्या बोटाची कथा तर आणखी विचित्र आहे, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. करंगळीच्या शेजारच्या बोटाला संस्कृतात ‘अनामिका’ म्हणतात, म्हणजे जिला नाव नाही ती. संस्कृत पंडितांनी त्यावर एक चतुर खुलासा केला. कवींची गणना करताना करंगळीवर कालिदासाचे नाव घेतले. त्याच्या तोडीचा दुसरा कवी न सापडल्याने पुढचे बोट बिननावाचेच राहिले. खुलासा छान आहे, फक्त तो चिनी माणसाला लागू पडत नाही. चिनी भाषेतही याच बोटाचे नाव ‘वूमिंगझी’, म्हणजे बिननावाचे बोट. रशियन म्हणतात ‘बेझिम्यान्नी’, बिननावाचे. फिनलंडमध्ये ‘निमेतोन’, पुन्हा तेच. इतक्या दूरच्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकच बोट नावावाचून ठेवले. जपानी मात्र त्याला ‘कुसुरियुबी’ म्हणतात, औषधाचे बोट, कारण मलम कालवायचे आणि लावायचे ते या बोटाने. जुन्या लॅटिनमध्येही त्याचे एक नाव वैद्याचे बोट असे होते. नंतर लॅटिनने त्याला अंगठीचे बोट म्हटले, आणि जर्मन व इंग्रजीत आज तेच नाव चालते.

मराठी बोलणारा माणूस ‘अनामिका’ म्हणत नाही. तो पुस्तकातला शब्द, फार तर कथेतल्या नायिकेचा. बोलताना ‘करंगळीच्या बाजूचं बोट’ असेच म्हणतात. म्हणजे मराठीतही ते अजून बिननावाचेच आहे. पूजेला किंवा श्राद्धाला बसल्यावर गुरुजी दर्भाच्या काडीला पीळ देऊन, गाठ मारून जे ‘पवित्र’ या बोटात चढवतात, ती बहुधा इथली सर्वांत स्वस्त अंगठी. कार्य आटोपले की सोडून टाकायची.

तिघांत ठशाचे घराणे सर्वांत मोठे, आणि त्याचा पसारा अंगठीपुरता राहिलेला नाही. ‘मुद्रा’ म्हणजे ठसा. ज्या अंगठीने ठसा उमटवायचा ती मुद्रिका, आणि मराठीत घासून घासून झाली ‘मुदी’. कोकणी माणूस आजही बोटात मुदीच घालतो. पंजाबीत ती ‘मुंदरी’, तमिळ आणि मल्याळममध्ये ‘मोदिरम’, सिंहलीत ‘मुद्द’. एका संस्कृत शब्दाने खैबरपासून लंकेपर्यंत बोटे अडकवून ठेवली आहेत. फारसीत ठशाला ‘मुहर’ म्हणतात, त्याची मराठीत मोहोर झाली, आणि ‘मुहर’ आणि ‘मुद्रा’ यांचे मूळ एकच असल्याचे भाषेचे अभ्यासक मानतात. हा शब्द मुळात इराणी, तिकडून संस्कृतात आला, असे म्हणणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. तसे असेल तर पारशांचे गलबत संजाणला लागण्याच्या कितीतरी शतके आधी त्यांचा एक शब्द इथे येऊन राहिला होता, आणि त्याला कोणी दुधाचे भांडे दाखवले नव्हते.

ठशाची अंगठी काय करू शकते, हे संस्कृत नाटककारांना पक्के ठाऊक होते. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’चे नावच अंगठीवर आहे. राक्षस या अमात्याने आपले कुटुंब चंदनदासाच्या घरी लपवलेले असते. चाणक्याचा हेर गाणे म्हणत, चित्रांचा पट दाखवत त्या घरात शिरतो. एक पोर कुतूहलाने बाहेर धावते, त्याला आत ओढायला एक हात पुढे होतो आणि त्या हातातली अंगठी निसटून उंबऱ्याबाहेर घरंगळते. निसटते, कारण ती पुरुषाच्या बोटाच्या मापाची असते आणि बाईच्या बोटात सैल असते. एवढ्या मापाच्या फरकावर एक राज्य हलते. चाणक्य त्याच अंगठीने एका पत्रावर मोहोर उठवतो, आणि पत्र राक्षसाने लिहिले नसले तरी ते राक्षसाचेच ठरते. सही माणूस करतो. मोहोर कोणाच्या हाती आहे, हे ती स्वतः सांगत नाही.

कालिदासाची अंगठी उलट दिशेने जाते. ‘अभिज्ञानशाकुंतला’तले ‘अभिज्ञान’ म्हणजे ओळख पटवणारी खूण, म्हणजे दुष्यंताच्या नावाची तीच अंगठी. ती पाण्यात पडते, मासा गिळतो, मासा धीवराच्या जाळ्यात येतो. डहाणूच्या किनाऱ्यावर हा प्रसंग वाचताना लक्ष राजाकडे जात नाही, धीवराकडे जाते. तो खरे सांगत असतो. पण कोळ्याच्या हातात राजाची अंगठी आली म्हणजे त्याने ती चोरलीच असणार, हे शिपायांनी धरून चाललेले असते. हात बांधलेले, मार चालू, आणि वर त्याच्या धंद्याची टिंगल. नाटकात राजा संस्कृत बोलतो, धीवर प्राकृत. अंगठीवरचे अक्षर कोणाला वाचता येते आणि कोणाला नाही, याची फाळणी कालिदासाने भाषेतच करून ठेवली आहे. डहाणूच्या मांगेल्यांच्या बोटींवर आज जीपीएस आहे, पण एखाद्याच्या जाळ्यात सोन्याची अंगठी सापडली तर तो ती पोलिसांत नेण्याआधी दोनदा विचार करील.

अरबीत ठशाच्या अंगठीला ‘खातम’ म्हणतात. पत्र लिहून झाले की घडी घालायची, लाख ओतायची आणि खातम दाबायची. मग त्यात काही घालता येत नाही, काढता येत नाही, पत्र संपले. त्याच धातूतून ‘खत्म’ आला, आणि तो मराठीत येऊन ‘खतम’ झाला. तलासरीच्या नाक्यावर वडापाव संपला की गाडीवाला ‘खतम’ म्हणून हात हलवतो, तेव्हा तो नकळत एका अंगठीचे नाव घेत असतो. मराठेशाहीच्या कागदांत हीच कल्पना दोन शिक्क्यांत वाटली होती. वर राजमुद्रा, आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. मोर्तबाच्या खाली कोणी ओळ घुसडली तर ती खोटी. ‘शिक्कामोर्तब झाले’ असे वर्तमानपत्रे रोज लिहितात. त्यांतला शिक्का आणि मोर्तब दोन्ही शब्द अरबीतून आलेले, काम मात्र मुद्रेचेच.

हिब्रू भाषेत अंगठी ‘तबाअत’ आणि नाणे ‘मतबेआ’. दोघांचा धातू एकच, दाबून ठसा उमटवणे. अरबीत त्याच धातूचा ‘मतबआ’ म्हणजे छापखाना. आता मराठीकडे पाहावे: मुद्रा म्हणजे नाणे, मुद्रण म्हणजे छपाई, मुद्रणालय म्हणजे छापखाना. एका बाजूला सेमिटिक भाषा, दुसऱ्या बाजूला भारतीय. नाते काही नाही. तरी दोघी अंगठीपासून निघाल्या, टांकसाळीत गेल्या आणि छापखान्यात येऊन भेटल्या. या विषयाच्या नादी कोणी का लागावे, असे विचारणाऱ्याला एवढे एक उदाहरण पुरे. मुद्रांक, मुद्रितशोधन, चेहऱ्यावरची मुद्रा, नर्तकीच्या हाताची मुद्रा, आणि २०१५ पासून बँकेत मिळणारे मुद्रा कर्ज, ही सगळी त्या अंगठीची पिल्लावळ आहे. (कर्जाच्या नावातला ‘मुद्रा’ इंग्रजी आद्याक्षरांचा आहे, हे खरे, पण तो जुळवताना संस्कृत मुद्रा डोळ्यांसमोर नव्हती, असे कोणी म्हणणार नाही.) जेवणाच्या पानावरची भाताची मूद पाहतानाही मुद्रा आठवतेच. वाटी हा साचा, भात ही लाख.

ठशाचे हे घराणे डहाणू तालुक्यात पुस्तकात पाहण्याची गरज नाही. चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यात घरोघर डायमेकिंगचा धंदा आहे. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्याच्या एका अंगावर दागिन्याची नक्षी उलटी कोरलेली. कारागीर दिव्याखाली मान वाकवून बसतो आणि छोट्या छिन्नीने पोलादातून केसाएवढी कपची काढतो. दागिन्यात जे वर यायचे ते इथे खोल. जे खोल जायचे ते इथे उंच. मधूनच तो मेणाचा किंवा मातीचा गोळा डायवर दाबून पाहतो, कारण उलटे कोरलेले सुलटे कसे दिसेल, ते दाबल्याशिवाय नजरेला पटत नाही. पुढे सराफाच्या कारखान्यात त्या डायवर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की फूल, पान, अंगठीचे तोंड उठून येते. हजारो वर्षांपूर्वी अंगठी ठसा उमटवत होती. इथे ठसाच अंगठ्या काढतो. सोने या घरांत यायचे नसते, येते ते फक्त पोलाद. वाढवण बंदराला विरोध करणाऱ्यांच्या यादीत मच्छीमार आणि बागायतदारांच्या जोडीने डायमेकर हा शब्द वर्तमानपत्रांतून येत राहिला, तो या माणसांसाठी. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्या बंदराचे भूमिपूजन झाले.

वेढ्याचे घराणे यांच्यापुढे साधे, पण बहुधा तेच सर्वांत जुने असावे, कारण गवताची काडी बोटाभोवती गुंडाळायला ना सोनार लागतो ना राजा. गुजराती ‘विंटी’मागे ‘वींटवुं’ आहे, म्हणजे गुंडाळणे. मराठीत सोन्याची तार नुसती वळवून केलेल्या, बिनखड्याच्या अंगठीला ‘वेढणे’ किंवा ‘वेढे’ म्हणतात, आणि ‘वळे’ही. जुन्या पिढीतला शेतकरी बोटात वेढणे घालायचा. अडीनडीला ते सरळ करून तुकडा मोडता येई, खड्याच्या अंगठीचे तसे होत नाही. पायाच्या बोटांत शिरले की मराठीला ‘अंगठी’ शब्द चालतच नाही. तिथे जोडवी, विरोद्या, माशाच्या आकाराच्या मासोळ्या, आणि पायाच्या अंगठ्यात अनवट. हा दागिना आता इतका दुर्मीळ झाला आहे, की ‘अनवट’ म्हटले की लोकांना आडवाटेचा राग आठवतो. तो शब्द वेगळा, हा वेगळा; पण दागिनाही आता आडवाटेलाच लागला आहे.

इंग्रजीला या बाबतीत गरीब म्हणावे लागेल. बोटातली, कानातली, नाकातली, शनीभोवतीची, झाडाच्या खोडातली, सर्कशीतली, सगळी एकच ‘रिंग’. मराठी प्रत्येक गोलाला वेगळे नाव देते. शनीला कडी, दाराला कडी, मनगटाला कडे, बैलाला वेसण, झाडाला आळे. घोलवडच्या वाडीत चिकूच्या बुंध्याभोवती मातीचे जे गोल कडे करून पाणी आणि खत देतात ते आळे. त्याला कोणी अंगठी म्हणणार नाही, पण काम तेच, मधल्या वस्तूला धरून ठेवण्याचे. डोक्यावर मोळी किंवा माशांची पाटी घेणारी बाई पदराची किंवा फडक्याची गुंडाळी करून खाली ठेवते ती चुंबळ. आणि ‘खळे’ तर दोन ठिकाणी पडते: भात झोडायच्या जागेला खळे आणि पावसाआधी चंद्राभोवती दिसणाऱ्या गोलालाही खळे. आकाशात आणि अंगणात एकच शब्द वापरणारी भाषा शेतकऱ्यांचीच असणार. सूर्यग्रहणात मध्ये काळे आणि कडेने तेज राहते, त्याला इंग्रजी अंगठी म्हणते, लॅटिनही अंगठीवरूनच नाव देते. मराठी म्हणते ‘कंकणाकृती’. एवढा मोठा सूर्य बोटात कसा घालायचा, म्हणून मराठीने तो मनगटात घातला.

असे असूनही ‘रिंग’ आलीच. कानात रिंगा, विहिरीत सिमेंटच्या रिंगा, किल्ल्यांची रिंग. अनेकवचनही मराठीने आपले लावून टाकले, त्यामुळे आता तो शब्द परका राहिलेला नाही. वारकऱ्यांचे ‘रिंगण’ मात्र या इंग्रजी रिंगेचे कोणी लागत नाही. कानाला जवळचे वाटते, एवढेच. आणि फोनची रिंग ही इंग्रजीतच वेगळी आहे. ती घंटेच्या आवाजाची, वर्तुळाची नव्हे.

वारल्यांच्या चित्रातला गोल इथे आठवणे साहजिक आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची ती चित्रे कागदावर आणि कापडावर आणली आणि जगभर नेली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्या चित्रांतला तारप्याचा नाच पाहावा. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती एकमेकांच्या कमरेला हात घातलेली माणसे. दुरून गोल वाटतो, जवळून पाहिले तर तो मिटलेला नसतो. शेवटची माणसे मोकळी सुटलेली असतात आणि रांग आत किंवा बाहेर वळत जाते. बंद अंगठी नव्हे, वेढणे. घालायला सैल, काढायला सोपे. वारली लग्नात चौक लिहितात तो तांदळाच्या पिठाने, लग्न लावते ती धवलेरी, आणि हे सगळे अंगठीवाचून पार पडत आले आहे.

पण लग्नाने इथे वेगळाच वेढा घातला होता. लग्नाच्या खर्चाला सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. फिटत कधीच नसत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला. गोदावरी परुळेकरांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये या भागातली वेठ आणि लग्नगडीची चाल तपशिलाने मांडली. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असे तिथून सुरू झाले.

या कर्जाच्या कागदावर मोहोर कोणाची असायची? सावकाराकडे शाई, दौत, कागद आणि वाचता येणारे डोळे. वारल्याकडे अंगठा. ‘निशाणी डावा अंगठा’ असे लिहून शेजारी काळा गोळा उठवला की काम झाले. अंगठ्याला अंगठी नव्हती, म्हणून अंगठाच अंगठी झाला. मुद्रिकेचे काम मांसाने केले. ‘अंगठेबहाद्दर’ हा मराठीतला टोमणा तिथूनच आला, आणि तो ज्याने ठसा दिला त्याला मारतात. कागद न वाचून दाखवता ज्याने घेतला त्याला नव्हे.

ही युक्ती सरकारच्या डोक्यात पक्की बसली ती बंगालात. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. हेतू एवढाच, की पुढे ‘ही सही माझी नाही’ असे म्हणायला त्याला तोंड राहू नये. मग हर्शेलच्या लक्षात आले की दोन माणसांच्या बोटांच्या रेषा जुळत नाहीत. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे खाते उघडले, आणि ठशांची वर्गवारी बसवण्याचे बरेचसे डोके अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचे होते. ‘अंगुष्ठ’पासून निघालेला शब्द अंगठीत जाऊन, मुद्रेच्या शेजारी बसून, पुन्हा अंगठ्यावर परतला. महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले, आणि आता हा ठसा बऱ्याचदा कागदावरही उमटत नाही.

रेशनच्या दुकानात आता एक लहानसे यंत्र असते. भात लावून, गवत कापून, विटा उचलून म्हातारीच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. ती अंगठा टेकवते, यंत्र लाल होते. ‘अंगठा लागत नाही,’ दुकानदार म्हणतो. ती पदराला अंगठा पुसते, फुंकर घालते, पुन्हा टेकवते. पुन्हा लाल. ‘आजी, दुसरं बोट ठेव.’ ती तर्जनी ठेवते, मग मधले. रांगेतले लोक पाय बदलतात. मग करंगळीच्या बाजूचे ते बिननावाचे बोट, ज्याने विळा कमीत कमी धरलेला असतो. यंत्र हिरवे होते आणि खालून पावतीचा कागद सरकू लागतो.